दाखल क्रमांक ४१,४१७

मी कशाचंही परीक्षण लिहू शकतो. ही बढाई नाही, पुरावा देतो. आमच्या वाचनालयाचं 'आगमन' नावाचं चार पानी पाक्षिक पत्रक निघतं. त्याच्या तिसऱ्या पानावर गेली बावीस वर्षं मी नव्या पुस्तकांविषयी लिहितो आहे. एकदा पुस्तकांच्या गठ्ठ्यात चुकून एका रंगाच्या कंपनीचं नमुनापुस्तक आलं होतं. आत नुसते भिंतीच्या रंगांचे चौकोन आणि खाली त्यांची नावं. मी त्यावरही लिहिलं. 'कमीत कमी शब्दांत मोठा पट उभा करणारी, उत्तरार्धात मात्र फिकट होत जाणारी कृती.' छापून आलं. एकही तक्रार आली नाही.

तक्रार का आली नाही ते मला पुढे कळलं. माझं परीक्षण कोणी वाचतच नव्हतं.

जगानं वाचावं असा माझा हट्टही नाही. माझा हट्ट एकाच व्यक्तीपुरता आहे. माझी मुलगी, वय सतरा. घरात तिला छकुली म्हणतात आणि त्याबद्दल तिनं आम्हाला अजून माफ केलेलं नाही. तिनं माझं एक, फक्त एक परीक्षण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं, एवढीच माझी इच्छा आहे. दर पंधरा दिवसांनी मी पत्रक तिच्या टेबलावर ठेवतो. ती त्यावर दुधाचा पेला ठेवते. माझ्या साहित्यसेवेवर बरोबर मधोमध एक पांढरं वर्तुळ उमटतं.

"वाचलंस का गं?" मी विचारतो.

"सुरुवात केली होती, बाबा."

"मग?"

"मग ते संपेचना."

तर एका गुरुवारी दुपारी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या नव्या मुख्य ग्रंथपाल. तीन महिन्यांपूर्वी आल्या आणि आल्या दिवसापासून त्यांना एकच काळजी, वाचनालयात तरुण माणसं येत नाहीत. ही काळजी रास्त आहे. आमचा सर्वांत तरुण नियमित वाचक एकोणसाठ वर्षांचा आहे आणि तो पंख्याखाली बसायला येतो.

मॅडमच्या टेबलावर एक चकचकीत पेटी होती. पेटीवर निळ्या केसांची एक मुलगी स्वतःच्या उंचीपेक्षा लांब तलवार घेऊन उभी होती. डोळे बशीएवढे.

"काझेमोरी," मॅडम म्हणाल्या. "जपानी कार्टूनसारखी चित्रं असलेल्या पत्त्यांचा खेळ आहे. मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, तिथे मुलं दिवसदिवस पडीक असतात. त्याचा हा नवा संच, 'सातव्या दाराचे पहारेकरी'. बाजारात यायला अजून महिना आहे. दुकानदाराला एकच पेटी आधी मिळाली, ती त्यांनी आपल्याला परीक्षणासाठी दिलीय. लिहा यावर. तरुण वाचक हवेत ना आपल्याला?"

मी पेटीकडे बघतच राहिलो. ती निळ्या केसांची मुलगी माझ्या ओळखीची होती. आमच्या घरी छकुलीच्या कपाटाच्या दारावर ती चिकटवलेली आहे. छकुली जे कुठलेसे पत्ते खेळते, ते हेच! म्हणजे माझं परीक्षण आणि माझ्या मुलीची आवड आयुष्यात पहिल्यांदा एका पानावर येणार होती.

"लिहितो," मी म्हणालो. "असं लिहितो की मुलं तोंडपाठ करतील."

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

"बरं, नेहमीसारखं करून टाका," मॅडम म्हणाल्या. आणि मी नेहमीसारखंच केलं. घोळ झाला तो तिथेच.

नेहमीसारखं म्हणजे कसं, ते सांगतो. परीक्षणासाठी आलेलं पुस्तक परत जात नाही. प्रकाशक पाठवतो, आपण लिहितो, पुस्तक वाचनालयात राहतं. आमच्या धंद्याचा हा रिवाजच आहे. आणि वाचनालयात राहणाऱ्या पुस्तकाचं पहिलं पान उलटण्याआधी त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, त्याच्यावर शिक्का बसतो. आधी शिक्का, मग साहित्य. मागे एकदा बाहेरून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझी नोंदवही चाळली आणि शेरा दिला, 'एकही चूक आढळली नाही.' तो शेरा मी चौकट करून घरी भिंतीवर लावला आहे. आमच्या लग्नाचा फोटो त्याच्या खाली येतो. बायकोचं यावर वेगळं मत आहे.

शुक्रवारी सकाळी पेटी उघडली. आत चोवीस पाकिटं, प्रत्येकात दहा पत्ते. शिवण नाही, बांधणी नाही, सगळं सुटं. म्हणजे दोनशे चाळीस स्वतंत्र वस्तू आणि दोनशे चाळीस नोंदी. दुसरा कोणी असता तर पेटीवर एक शिक्का मारून मोकळा झाला असता. मी बाह्या सरसावल्या.

पत्त्याच्या दर्शनी बाजूला जांभळा गोल शिक्का. मागच्या बाजूला तारखांची कागदी चिठ्ठी डिंकानं चिकटवायची आणि तिच्यावर ठळक अक्षरात दाखल क्रमांक घालायचा. सुरुवात ४१,३०६ पासून. मग नोंदवहीत नाव आणि शेरा. पृष्ठसंख्येच्या रकान्याशी मात्र गाडी अडली. पत्त्याला पृष्ठं कुठून आणायची? पण प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात एक ते बारापैकी एक आकडा छापलेला होता. माहितीपत्रकात पाहिलं तर तो त्या पात्राच्या बळाचा आकडा निघाला. तोच पृष्ठसंख्या म्हणून भरला. रकाना रिकामा राहिला की मला जेवण जात नाही.

दुपारपर्यंत हात बसला. 'निवृत्त ड्रॅगन, चार, चेहऱ्यावर पश्चात्ताप.' 'छत्रीवाली जादूगार, सात, छत्री मिटलेली.' शेरे लिहिताना मलाच मजा येऊ लागली. मधूनमधून परीक्षणाची टिपणंही काढत होतो. 'पात्रांची रेलचेल आहे, परंतु कोणीच कोणाशी बोलत नाही. सर्व पात्रे एकाच वेळी तारुण्यात आणि संतापात आहेत. कागद उत्तम.'

त्या सगळ्यांत एकच पत्ता चमकणारा होता. 'दाराआडची सम्राज्ञी', बळ बारा. सोनेरी कड, मागे भलंमोठं दार, आणि दाराआडून डोकावणारी एवढीशी पोर. डोक्यावर मुकुट, कपाळावर आठी, खालचा ओठ पुढे. शाळेच्या पहिल्या दिवशी छकुली फाटकाशी अशीच उभी होती. मी पत्ता हातात धरून बसलो. परीक्षणाचं पहिलं वाक्य कसं असावं, कुठल्या शब्दाला ती हसेल, आईला हाक मारून वाचून दाखवेल का, असं काहीबाही मनात येत राहिलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी खोकलं तेव्हा भानावर आलो. शिक्का उचलला आणि मारला. तो नेमका तिच्या तोंडावर बसला. सम्राज्ञीच्या ओठांच्या जागी 'सार्वजनिक' हा शब्द आला.

पुढचा पत्ता 'झोपाळू पहारेकरी', बळ एक. वेळ गेला होता म्हणून दोघांच्या नोंदी भराभर उरकल्या आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ४१,५४५ वर पोचलो. पाठीचा कणा राहिला नव्हता, पण समाधान होतं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता वाचनालय उघडलं तर दारात दोघं उभी. एक पन्नाशीचा गृहस्थ, अंगात त्याच निळ्या केसांच्या मुलीचं चित्र असलेला सदरा, पोटामुळे तलवार वाकडी झालेली. हा मागच्या गल्लीतला कार्डवाला. आणि दुसरी छकुली. सुट्टीच्या दिवशी अकराच्या आत डोळे न उघडणारी माझी मुलगी नऊ वाजता आंघोळ करून वाचनालयात! याआधी ती इथे आली होती ती सहा वर्षांची असताना, आणि तेव्हा तिनं ज्ञानकोशाचा चौथा खंड रंगवला होता.

"साहेब, पेटी न्यायला आलो," कार्डवाला म्हणाला. "परीक्षण झालं असेल ना? पाकिटं उघडली असली तरी हरकत नाही, उघडायचीच होती. उद्या सकाळी आमची स्पर्धा आहे. आठ खेळाडू, प्रत्येकाला यातलेच तीस तीस पत्ते वाटायचे. जिंकेल तो मोठ्या स्पर्धेला जाणार, देशभरातले खेळाडू येतात तिकडे." मग त्यानं कौतुकानं छकुलीकडे बोट दाखवलं. "आणि हे आमचं वादळ. यंदा हिचाच नंबर आहे."

"हिला मी ओळखतो," मी म्हणालो. "मी हिचा बाप आहे."

कार्डवाल्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

"न्यायला म्हणजे?" मी विचारलं. एव्हाना तो शब्द माझ्या डोक्यात शिरला होता.

"न्यायला म्हणजे परत न्यायला. मॅडमशी बोलणं झालंय माझं."

मॅडमनी मला सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी विचारलं नव्हतं, कारण माझ्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पेटी आणून टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो.

झाकण छकुलीनं उघडलं. वरचा पत्ता उचलला. पुढून पाहिला, मागून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा.

"बाबा, हे काय आहे?"

"शिक्का."

"सगळ्यांवर?"

"दोनशे चाळीस," मी म्हणालो, आणि सवयीनं त्यात थोडा अभिमान आलाच.

कार्डवाला मटकन खाली बसला. तिथे खुर्ची होती हे त्याचं नशीब. भानावर आल्यावर त्यानं खिशातून काळ्या प्लॅस्टिकची जाकिटं काढली. पत्त्याची पाठ दिसू नये म्हणून खेळाडू ती वापरतात म्हणे. पण माझी चिठ्ठी चिकटवल्यामुळे पत्ता एवढा जाड झाला होता की तो जाकिटात अर्ध्यावरच अडकला.

"चिठ्ठी निघेल का ओढून?" त्यानं विचारलं.

"नाही निघणार," मी म्हणालो. "डिंक मीच निवडलाय."

छकुली पत्ते चाळत राहिली. तिच्या हातात तो चमकणारा पत्ता आलाच नाही, एवढीच देवाची कृपा. मग ती म्हणाली, "आठ महिने वाट बघत होते मी या स्पर्धेची." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जाऊ दे," कार्डवाला उसासा टाकून म्हणाला. "डाग तर डाग. द्या तसेच."

एवढ्यात मॅडम आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे नोंदवही उघडली, माझी बारा पानं उलटली आणि चष्मा काढला.

"देता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "नोंद झालीय. नोंद रद्द करायची तर समितीचा ठराव लागतो. समिती तीन महिन्यांनी बसते. गेल्याच सोमवारी बसून गेली."

"मग मी सभासद होतो आणि घरी नेतो," कार्डवाला म्हणाला.

"नव्या दाखल वस्तू पहिला महिनाभर घरी मिळत नाहीत. इथेच बसून वाचायच्या."

"हा कसला नियम? कोणी केला हो?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "यांनीच. अकरा वर्षांपूर्वी. एकमतानं मंजूर झाला होता."

छकुलीनं डोळे मिटून घेतले. कार्डवाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाचच टेबलावरची धूळ पुसायला लागलो. शेवटी मार्ग निघाला तो एकच. पत्ते वाचनालयाबाहेर जाऊ शकत नाहीत, तर स्पर्धेनंच वाचनालयात यायचं. रविवारी सकाळी, वाचन कक्षात, नियम पाळून. प्रत्येक पत्त्यासाठी एक मागणीचिठ्ठी आणि संपूर्ण शांतता.

"आठ तरुण वाचक," मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या. त्या तेवढ्या एकट्याच खूश होत्या.

कार्डवाला मान हलवत गेला. छकुली मात्र जागची हलली नाही. पत्त्यांच्या पाठीवरचे माझे क्रमांक बघत होती. मग तिनं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "बाबा, ती नोंदवही कोणालाही बघता येते?"

"मागणीचिठ्ठी भरली तर कोणालाही. वाचकाचा हक्कच आहे तो."

तिनं चिठ्ठी भरली. मी नोंदवही तिच्यापुढे ठेवली. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली आणि वाचायला लागली.

वाचकहो, माझी मुलगी मी लिहिलेलं वाचत होती! एक पान नाही, दोन पानं नाहीत, बाराच्या बारा. बोट ओळीवर ठेवून, एकही ओळ न गाळता. मध्येच हसली. मी काही शोधत असल्यासारखा तिच्या टेबलाजवळून गेलो.

"'चेहऱ्यावर पश्चात्ताप'," ती म्हणाली. "हे भारी आहे, बाबा."

मी मागच्या खोलीत जाऊन बायकोला फोन लावला. "अगं, ती वाचतेय."

"काय वाचतेय?"

"मी लिहिलेलं."

"बरी आहे ना ती?"

दुपारी एक वाजता डबा घेऊन गेलो तरी ती तिथेच. आता तर ती पान झाकून, डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. चांगलं गद्य वाचलं की माणसाला ते मनातल्या मनात पुन्हा म्हणून बघावंसं वाटतं. मला भरून आलं. पत्त्यांचं वाटोळं झालं, पण त्यातून हे निघालं, असं मी मनाला समजावलं. तीन वाजता तिनं नोंदवही परत केली, पोच घेतली आणि "थँक्यू, बाबा" म्हणाली. थँक्यू! घरी गेल्यावर मी तो चौकटीतला शेरा फडक्यानं पुसून काढला.

रविवारी सकाळी आठ खेळाडू आले. त्यात कॉलेजची मुलं होती, एक शिंपीणबाई होत्या आणि आमच्या चौकातले दातांचे डॉक्टरही होते. आधी मागणीचिठ्ठ्या. प्रत्येकी तीस. पावणेदोन तास वाचन कक्षात फक्त पेनांचा आवाज येत होता. मॅडमनी तेवढ्यात त्यांचा फोटो काढला. खरंच, लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की आठ जण अभ्यास करतायत.

खेळ तसा सोपा आहे. एकानं आपला पत्ता पालथा ठेवायचा. समोरच्यानं अंदाज बांधून एकतर माघार घ्यायची, नाहीतर आपला पत्ता पुढे करून हल्ला करायचा आणि हल्ल्यावर हवे तेवढे पत्ते पणाला लावायचे. पालथा पत्ता जास्त बळाचा निघाला तर पणाला लावलेलं सगळं गेलं. कमी बळाचा निघाला तर समोरच्याचे तेवढेच पत्ते आले. हे सगळं एरवी आरडाओरडा करत खेळतात. इथे मॅडम समोर बसल्या होत्या.

"हल्ला," शिंपीणबाई कुजबुजल्या.

"माघार," समोरचा मुलगा त्याहून हळू कुजबुजला.

पंख्याखालचे काका आपली जागा गेली म्हणून रागावून आले होते. ते शेजारी खुर्ची ओढून बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी मला कानात विचारलं, "हुकूम कुठला आहे?"

छकुली पहिला सामना सहज जिंकली. दुसरा सुरू झाला तेव्हा मी तिच्या समोरच उभा होतो आणि मला काहीतरी खटकलं. बाकीचे खेळाडू समोरच्याच्या तोंडाकडे बघत होते. ती बघत होती पालथ्या पत्त्याच्या पाठीकडे. चिठ्ठीकडे. माझ्या ठळक अक्षरातल्या क्रमांकाकडे. आणि तिचे ओठ कालच्यासारखे हलत होते.

समोरच्यानं ठेवलेला पत्ता ४१,३९२. मला आठवलं, छत्रीवाली जादूगार, सात. छकुलीनं आठ बळाचा पत्ता पुढे केला. "हल्ला."

तिनं माझं लेखन वाचलं नव्हतं. पाठ केलं होतं! मुलं तोंडपाठ करतील असं मी गुरुवारी म्हणालो होतो, आणि एका मुलीनं केलं होतं.

ही लबाडी होती का? मी मनाशी उलटतपासणी घेतली. क्रमांक आठही जणांना दिसत होते. नोंदवही सर्वांना खुली होती. हिनं रीतसर चिठ्ठी भरून ती वाचली, बाकीच्या सातांना ती वाचावीशी वाटली नाही, यात हिचा काय दोष? वाचनालयाचा कर्मचारी म्हणून मला तिच्यात आदर्श वाचक दिसत होता. बाप म्हणून मात्र एकच प्रश्न पडला होता. 'चेहऱ्यावर पश्चात्ताप' तिला खरंच भारी वाटलं होतं, की तेवढंच चार या आकड्यासाठी लक्षात ठेवलं होतं? मी तोंड उघडलं, आणि मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं. नियम म्हणजे नियम.

अंतिम सामना छकुली आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टरांना समोरच्याच्या चेहऱ्यावर वेदना वाचायची सवय, पण छकुलीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तरी माणूस चिवट. बराच वेळ कोणी हटेना. मग डॉक्टरांनी एक पत्ता पालथा ठेवला.

४१,४१७.

छकुलीचे ओठ हलले. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसली. कित्येक वर्षांत ती माझ्याकडे बघून अशी हसली नव्हती. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला लबाडीबिबाडी काही आठवत नव्हतं. माझ्या नोंदीवर जगात कोणाचा तरी एवढा विश्वास होता! तिनं निवृत्त ड्रॅगन पुढे केला, बळ चार, आणि त्याच्यामागे हातातले सगळे पत्ते सरकवले. एकही मागे ठेवला नाही.

"हल्ला."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा दयेनंच पाहिलं आणि पत्ता उलटला.

सोनेरी कड. मुकुट. कपाळावर आठी. ओठांच्या जागी 'सार्वजनिक'.

वाचन कक्षात टाळ्या वाजवायला बंदी असल्यामुळे सगळ्यांनी हवेत नुसते हात हलवले. छकुलीनं डॉक्टरांशी हस्तांदोलन केलं. कार्डवाला डोकं धरून बसला. मग ती माझ्या टेबलाशी आली, एक मागणीचिठ्ठी भरली आणि पुढे सरकवली. मी नोंदवही काढून दिली. पान तिनं न शोधता उघडलं.

४१,४१७ : झोपाळू पहारेकरी, एक.

४१,४१८ : दाराआडची सम्राज्ञी, बारा.

"अदलाबदल झालीय, बाबा," ती म्हणाली. डोळे भरले होते पण आवाज सरळ होता. "दोनशे चाळीसमध्ये एवढीच एक. कशी झाली?"

कशी झाली ते मला चांगलं ठाऊक होतं. सम्राज्ञीला हातात धरून मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो होतो. पण अकरा वर्षांपूर्वीच्या एका आठीसाठी मी तिचे आठ महिने घालवले, हे वाचनालयाच्या टेबलावर कसं सांगायचं? तेही कुजबुजत?

"शेजारी कोणीतरी खोकलं," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मी लाल शाईनं दोन्ही नोंदी दुरुस्त केल्या आणि खाली सही केली. नोकरीतली पहिली लाल शाई. संध्याकाळी घरी जाऊन भिंतीवरचा शेरा उतरवला. बायकोनं लगेच लग्नाचा फोटो वर घेतला.

बुधवारी पत्रक आलं. तिसऱ्या पानावर 'सातव्या दाराचे पहारेकरी'. मी ते तिच्या टेबलावर ठेवलं आणि दाराशी रेंगाळलो. तिच्या हातात दुधाचा पेला होता. तिनं पेला बाजूला, नुसत्या टेबलावर ठेवला आणि पत्रक उचललं.

"वाचते," ती म्हणाली. "पण बाबा, हे कोणाकडून तपासून घेतलंय ना?"

घेतलं नव्हतं. मी पत्रक तिच्या हातातून परत घेतलं आणि तपासायला बायकोकडे दिलं. त्याला आता पाच दिवस झाले. काल विचारलं तर म्हणाली, सुरुवात केली होती.